सेकंद काट्याची नोकरी

नर्सच्या मनगटावरचं घड्याळ किती वाजले हे बघण्यासाठी नसतं. वॉर्डात भिंतीवर घड्याळ असतं, औषधांच्या वेळा ठरलेल्या असतात, जेवणाची गाडी येते, राउंड येतो. किती वाजले ते मान वर न करताही समजतं. नर्सला घड्याळाकडून हवं असतं ते एक मिनिट, कधी कधी अर्धंच. तेवढ्यात नाडीचे ठोके किती पडले, छाती किती वेळा वर आली, सलाईनचे थेंब किती गळले, हे तिला मोजायचं असतं. म्हणून आयुष्यभरात माझ्या हातावर जी घड्याळं आली, त्या सगळ्यांना मी एकच प्रश्न विचारला: सेकंद काटा आहे का, आणि असला तर रात्री दोन वाजता चाळीसच्या बल्बखाली तो दिसतो का?

मी हाताळलेलं पहिलं घड्याळ माझं नव्हतं. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, घरटी एकजण पलटणीत. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, दुसऱ्या महायुद्धातून परतले ते वेस्ट एंड कंपनीचं ‘सोवार प्राइमा’ घेऊन. घड्याळ स्विस बनावटीचं, पण ही कंपनी १८८६ मध्ये मुंबईतच सुरू झाली होती आणि हिंदी सैन्यातल्या शिपायांमध्ये तिची घड्याळं लोकप्रिय होती. गावात कुणाकडे बाळंतपण आलं की सुईणीच्या मागोमाग आजोबांचं घड्याळही त्या घरी जायचं, कारण पत्रिकेला जन्मवेळ हवी. ते नेऊन द्यायचं आणि परत आणायचं काम माझ्याकडे असे. दाराबाहेर पायरीवर मी घड्याळ मुठीत धरून बसायची. आतून रडणं ऐकू आलं की कुणीतरी ओरडायचं, “किती वाजले गं?” आणि मी काटे वाचून दाखवायची. प्रसूतिगृहाशी माझा संबंध आला तो असा, नर्स व्हायच्या कितीतरी आधी.

त्या घड्याळाचे आकडे अंधारात हिरवट उजळायचे, त्याचं आम्हा पोरांना केवढं अप्रूप! त्या काळी असा लेप रेडियमचा असे, हे ट्रेनिंगमध्ये कॅन्सरच्या उपचारांबद्दल शिकताना कळलं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कारखान्यात तरुण मुली तबकड्यांवर हा लेप लावायच्या आणि कुंचल्याचं टोक बारीक राहावं म्हणून तो ओठांत धरायच्या. त्यांचे जबडे झिजले, हाडं पोकळ झाली. त्यांच्यातल्या पाचजणींनी कंपनीला कोर्टात खेचलं, आणि १९२८ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. आजोबांचं घड्याळ पुढं आईकडून माझ्याकडे आलं तेव्हा त्याचा उजेड केव्हाच विझला होता. विझला तो रेडियमबरोबर मिसळलेला चकाकणारा पदार्थ. रेडियम निम्मं व्हायलाच सुमारे १,६०० वर्षं लागतात. म्हणून मी ते घड्याळ कधी उघडायला दिलं नाही. काचेआड आहे तोवर ठीक आहे.

नर्सिंग स्कूलला दाखल झाले, तेव्हा आणायच्या सामानाच्या यादीत पांढरे गणवेश, टोप्या, कात्री, टॉर्च यांच्याखाली लिहिलं होतं: सेकंद काटा असलेलं मनगटी घड्याळ. वडिलांबरोबर दुकानात गेले. दुकानदारानं बायकांच्या घड्याळांचा खण काढला. तबकड्या इवल्याशा, पट्टे सोनेरी, आणि सेकंद काटा जवळजवळ कशातच नाही. बाईला सेकंदाचं काय काम, असं सगळ्याच घड्याळवाल्यांनी धरून चाललं असावं. गंमत अशी की मनगटी घड्याळ मुळात बायकांचंच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते बायकांच्या हातातला दागिना समजलं जाई. पुरुष साखळीचं घड्याळ खिशात बाळगत. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला खिसा चाचपत बसणं परवडेना, तेव्हा घड्याळ पुरुषांच्या मनगटावर कायमचं चढलं. पुरुषांचं घड्याळ कामाचं झालं आणि बायकांचं दागिनाच राहिलं. मी मग पुरुषांचं घेतलं, एचएमटी ‘जनता’. आधीच्या वर्गातल्या बहुतेकजणींच्या हातात तेच होतं.

एचएमटी म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्स, सरकारी कारखाना. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं त्यांनी बंगळूरला मनगटी घड्याळांचा विभाग काढला. तिथं जोडणीच्या बारीक कामावर बायका मोठ्या संख्येनं होत्या. म्हणजे पुरुषांची घड्याळं बायकांनी जोडायची आणि आम्ही दुकानात जाऊन ती पुरुषांच्या खणातून मागून घ्यायची! मेट्रनबाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या हाताकडे बघून “हे काय पुरुषी घड्याळ?” म्हणून नाक मुरडलं. आठवड्याभरानं राउंडला त्यांनीच हात पुढं केला, “दे जरा इकडे, नाडी बघू दे.”

‘जनता’ला रोज चावी द्यावी लागे. मी सकाळच्या ड्युटीला निघताना द्यायची. चावीनं मेन स्प्रिंग गुंडाळली जाते आणि मग दिवसभर ती सुटत राहते. ती एकदम सुटू नये म्हणून मधे बॅलन्सचं चाक मागं-पुढं झुलतं आणि दर झुल्याला एकेक दात सोडतं. आपण ऐकतो ती टिकटिक म्हणजे दात अडण्याचा आवाज. त्या काळच्या साध्या चावीच्या घड्याळात ती तासाला १८,००० वेळा होई, म्हणजे सेकंदाला पाच. बाजारपेठेतले आमचे घड्याळजी डोळ्याला भिंग लावून झाकण उघडत आणि मला आतली लाल माणकं दाखवत. तबकडीवर ‘१७ ज्युवेल्स’ लिहिलेलं असे, त्यामुळे आमच्या मावश्यांना, म्हणजे वॉर्डातल्या आयांना, सिस्टरच्या घड्याळात सतरा हिरे आहेत असं वाटायचं. ती माणकं कृत्रिम असतात आणि शोभेची नसतात. चाकांच्या आसांची टोकं त्यांत फिरतात. माणिक कठीण, म्हणून झीज कमी. “तेल आटलंय, सिस्टर,” घड्याळजी म्हणत, “आणि डेटॉलचा वास येतोय.” तो आमच्या सगळ्यांच्याच घड्याळांना येत असणार.

ते घड्याळ दिवसाला दोन-एक मिनिटं मागं पडायचं. रोज सकाळी पुणे आकाशवाणीच्या सात पाचच्या बातम्यांना मी ते लावून घ्यायची. नव्या मुली घाबरून विचारत, “सिस्टर, मागं पडणाऱ्या घड्याळावर नाडी कशी मोजायची?” मी त्यांना गणित करायला लावायची. दिवसात मिनिटं १,४४०. त्या सगळ्यांत मिळून चूक १२० सेकंदांची. मग एका मिनिटाच्या वाट्याला किती आली? सेकंदाचा बारावा हिस्सा. एवढ्यात नाडीचा एक ठोकाही बसत नाही. जे घड्याळ एसटी चुकवतं तेच नाडीला बिनचूक असतं. वेळ बरोबर असणं आणि मिनिट बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमची नोकरी दुसऱ्या गोष्टीवर चालते.

नाडी बघणं फार जुनं, आपल्या वैद्यांचंही आणि ग्रीकांचंही. पण ती घड्याळ लावून मोजायची ही कल्पना मानानं अलीकडची. सर जॉन फ्लॉयर या इंग्लिश डॉक्टरनं १७०७ मध्ये नाडीच्या घड्याळावर पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यानं स्वतःसाठी नेमकं एक मिनिट चालणारं घड्याळ करवून घेतलं होतं. आम्हाला ट्यूटर सिस्टरनी शिकवलं ते असं: तीन बोटं ठेवायची, अंगठा नाही, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते. ठोके नियमित असतील तर अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचे. अनियमित असतील तर पूर्ण मिनिट, सवलत नाही. आणि खरी खुबी पुढं: नाडी मोजून झाली तरी हात सोडायचा नाही. बोटं मनगटावर तशीच, नजर घड्याळावर, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून छाती बघत श्वास मोजायचे. “आता श्वास मोजते” असं सांगितलं की माणूस हटकून वेगळाच श्वास घेतो. टीपीआरच्या, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या, चार्टवरचा तिसरा आकडा असा रोग्याच्या नकळत भरलेला असतो.

सलाईनचंही तेच. मोठ्या सेटचे २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. ५०० मिलिलिटरची बाटली आठ तासांत जायची असेल तर मिनिटाला २१ थेंब. एका हातानं चिमटा सैल-घट्ट करायचा आणि दुसऱ्या हातावरचं घड्याळ थेंबाच्या रेषेत धरायचं, म्हणजे दोन्ही एका नजरेत येतात. मापाची यंत्रं आली त्याआधी रात्रपाळीत मी किती बाटल्या अशा लावल्या असतील कोण जाणे.

लेबर रूममध्ये मात्र मिनिट आणि वेळ, दोन्ही लागत. बाळ बाहेर आलं की एका मिनिटानं आणि पाच मिनिटांनी त्याला गुण द्यायचे. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, चिमटा-स्पर्शाला प्रतिसाद आणि रंग, प्रत्येकाला शून्य ते दोन, एकूण दहा. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये ही पद्धत मांडली. बाहेरच्या नातेवाइकांना त्या गुणांशी देणंघेणं नसायचं. त्यांना हवी जन्मवेळ. पत्रिकेतलं लग्न साधारण दोन तासांनी बदलतं, नवमांश तर तेरा-चौदा मिनिटांत. त्यामुळे “सिस्टर, नक्की किती वाजता?” हा प्रश्न “मुलगा की मुलगी?” याच्या खालोखाल. एका आजोबांनी तर स्वतःचं घड्याळ माझ्या ‘जनता’शेजारी धरून पाच मिनिटांच्या फरकावरून पुरावा मागितला. मी म्हटलं, “काका, माझं आकाशवाणीवर लावलंय. तुमचं कशावर?” त्यांनी मुकाट्यानं माझी वेळ लिहून घेतली.

लग्नात दोन घड्याळं आली. मला सासरहून बारीक सोनेरी, सेकंद काटा नसलेलं. ते हळदीकुंकवापुरतंच कपाटातून निघे. माझ्या वडिलांनी आमच्या ह्यांना दिलं ते एचएमटी ‘कांचन’. तेव्हा जावयाच्या मानपानात ‘कांचन’ असलं की मांडवात बोलबाला व्हायचा. हे घड्याळ ऑटोमॅटिक, वार-तारीख दाखवणारं, चावी न लागणारं. आत अर्धगोल वजनदार पाकळी असते. हात हलला की ती फिरते आणि स्प्रिंग गुंडाळते. अट एकच, हात हलला पाहिजे. हे बँकेत टेबलावर बसणारे. शनिवारी दुपारी काढून ठेवलेलं घड्याळ सोमवारी सकाळी बंद पडलेलं असायचं, कारण आठवडाभराच्या बैठ्या कामात स्प्रिंग पुरती भरलेलीच नसे. मग हे खोलीत येरझाऱ्या घालत हात हलवत बसायचे. मी म्हणायची, “घड्याळ डॉक्टरांसारखंच बोलतंय, चालायला जा.”

ऐंशीच्या दशकात भावानं मुंबईहून, मुसाफिरखान्यातून, जपानी डिजिटल घड्याळ आणलं. परदेशी घड्याळांवर निर्बंध होते, त्यामुळे असली घड्याळं चोरवाटेनं येत आणि उघड विकली जात. बटण दाबलं की उजेड पडायचा. रात्रपाळीला याहून चांगलं काय, असं मला वाटलं. पण त्यावर नाडी मोजायला गेले आणि अडकले. मनात ठोके चालू, एकतीस, बत्तीस, तेहतीस. डोळ्यांसमोर आकडे बदलतात, सतरा, अठरा, एकोणीस. दोन आकड्यांच्या रांगा डोक्यात एकमेकींत घुसतात. फिरणाऱ्या काट्याचं तसं होत नाही. तो वाचावा लागत नाही. सहावरून निघाला आणि बारावर आला, हे नुसतं दिसतं, आणि मन मोजायला मोकळं राहतं. आजही जगभरातल्या नर्सेसना काट्याचं घड्याळ बरं वाटतं त्याचं कारण मला वाटतं हेच. शिवाय ते डिजिटल दर तासाला टिक् करून वाजायचं. अख्खा वॉर्ड झोपलेला असताना मोठ्या मिनतवारीनं डोळा लागलेला एखादा म्हातारा त्या आवाजानं जागा व्हायचा. महिन्याभरात ते भाच्याच्या हातात गेलं.

मग टायटन आलं. टाटा आणि तमिळनाडू सरकारचं औद्योगिक महामंडळ यांनी मिळून १९८४ मध्ये कंपनी काढली, कारखाना होसूरला. टीव्हीवरच्या तिच्या जाहिरातीतली धून मोत्सार्टच्या पंचविसाव्या सिंफनीची, हे कुणाला माहीत नव्हतं, पण धून घरोघरी पाठ होती. पगारवाढीच्या पैशांतून मी घेतलं ते क्वार्ट्झ, आणि बायकांच्याच खणातलं, कारण आता तिथंही सेकंद काटा आला होता.

क्वार्ट्झचं काम असं: सेलमधल्या विजेनं स्फटिकाचा इवलासा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या अशीच नाही आली. ती पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो. तेवढं गणित आतली चिप करते आणि काट्याला सेकंदाला एक ढकल देते. पहिलं असं मनगटी घड्याळ सेको कंपनीनं १९६९ च्या नाताळात टोकियोत विकायला काढलं, किंमत साडेचार लाख येन. वीस वर्षांत ते आमच्यासारख्यांच्या हातावर आलं. महिन्याला काही सेकंदांपलीकडे फरक नाही, चावी नाही, सात पाचची बातमी चुकली तरी हरकत नाही. माझ्या घड्याळाची आणखी एक सोय होती: सेल संपत आला की काटा सेकंदाला एक न सरकता चार-चार सेकंदांनी उडी मारायचा. मिनिट तरीही मिनिटाचंच राही. आमच्या घड्याळजींच्या दुकानात मात्र त्यानंतर भिंग कमी आणि सेलची पाकिटं जास्त दिसू लागली. एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय सरकारनं २०१६ मध्ये बंद करायचं ठरवलं. बाजारातून तो त्याच्या बऱ्याच आधी हटला होता.

मधली काही वर्षं मी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. तिथं मिनिटाचं खरं मोल कळलं. लहान मुलांना न्यूमोनिया झालाय का, हे ओळखायला खेड्यात एक्स-रे कुठून आणणार? खोकला-ताप असलेल्या मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांच्या मुलाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त, तर श्वास वेगवान समजायचा आणि पुढचे उपचार लगेच. पोर शांत असताना मोजायचं. रडत असेल तर थांबायचं. ज्यांना घड्याळ वाचता येत नाही, मोठे आकडे मोजता येत नाहीत, त्या दायांचं काय? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी यावर साधं लाकडी साधन काढलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यांसाठी, एक मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर श्वास वेगवान. आजोबांचं घड्याळ सुईणीच्या मागोमाग जायचं, ते वेळ लिहून घ्यायला. हे साधन दाईच्या हातात गेलं आणि निदान करू लागलं.

नोकरीच्या शेवटी मी नवजात बालकांच्या कक्षात होते, आणि तिथं घड्याळच नको असा नियम. अंगठी, बांगड्या, घड्याळ दाराशी काढायचं, कोपरापर्यंत हात धुवायचे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनं हाच नियम २००७-०८ च्या सुमाराला सगळ्या वॉर्डांना लावला, कारण पट्ट्याखाली जंतू राहतात आणि मनगट नीट धुतलं जात नाही. माझ्याबरोबर शिकलेली कोट्टायमची मैत्रीण आखातातून आली तेव्हा तिनं गणवेशाला छातीवर अडकवायचं घड्याळ आणलं. त्याची तबकडी उलटी लटकते, म्हणजे समोरच्याला उलटी आणि खाली बघणाऱ्या नर्सला सुलटी. दोन्ही हात मोकळे. इतकी वर्षं मनगट वळवून बघायची सवय. पहिले काही दिवस उघड्या मनगटाकडेच बघत होते.

निवृत्तीला घड्याळं मिळाली, ती भिंतीवरची. ज्याला आता कुठंही वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ द्यायची आपली रीत मला कळलेली नाही. त्यातलं एक स्वयंपाकघरात आहे, बाकीची पुढं गेली.

आता मुलानं दिलेलं स्मार्टवॉच आहे. त्याच्या पाठीवरचा हिरवा दिवा कातडीत उजेड टाकतो. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं, ठोक्यागणिक रक्ताचं प्रमाण बदलतं, आणि परतलेल्या उजेडाच्या चढ-उतारावरून घड्याळ ठोके मोजतं. जन्मभर मी घड्याळ बघून दुसऱ्यांची नाडी मोजली, आता घड्याळ माझी मोजतंय. मी त्याला नावं ठेवत नाही. झोपेत हृदयाची लय बिघडली तर ती टिपण्याची सोय काही घड्याळांत आहे, आणि रात्रभर कुठली नर्स एका रोग्याचा हात धरून बसेल?

पण आमच्या वेळचं एक काम त्याला एकट्याला जमायचं नाही. हृदयाची लय फार बिघडली की काही ठोके छातीत पडतात आणि मनगटापर्यंत पोचतच नाहीत. मग दोघी सिस्टर लागत. एकीनं स्टेथोस्कोप छातीला लावायचा, दुसरीनं नाडी धरायची, घड्याळ दोघींच्या मधे एकच. काटा बारावर आला की “चालू”, पुन्हा बारावर आला की “बस”. छातीत ११०, मनगटावर ८६, असं काही निघालं की फरक डॉक्टरांना कळवायचा. शिवाय बोटांना आणखी कितीतरी कळतं: नाडी भरलेली आहे की दोऱ्यासारखी, हात गार आहे का, घाम फुटलाय का, आणि माणूस घाबरलेला आहे का.

यंदा माझ्या भाचीच्या मुलीनं नर्सिंगला प्रवेश घेतला. तिच्या सामानाच्या यादीत अजून तीच ओळ आहे. तिला माझं ‘जनता’ हवं होतं. “मावशीआजी, एचएमटीची आता फॅशन आहे, दे ना.” मी दिलं नाही. त्याची काच प्लॅस्टिकची, चरे पडतात. पाणी आत जातं. पट्टा चामड्याचा, तो स्पिरिटनं पुसता येत नाही. जुनं घड्याळ हौसेला ठीक, ड्युटीला नाही. तिला घेऊन दुकानात गेले आणि तिथला मुलगा दाखवेल ती सगळी घड्याळं बाजूला सारत सांगितलं: तबकडी पांढरी, बारा आकडे आणि मधल्या साठ रेघा स्पष्ट, सेकंद काटा लांब आणि लाल, अंधारात चमकणारं, पाण्यात चालणारं, पट्टा रबरी. हजाराच्या आत मिळालं. वॉर्डात मनगट उघडं ठेवायला सांगितलं तर खिशाला लावता येईल, असा हूकही घेतला. दुकानातल्या खुर्चीवर बसवून तिला माझी नाडी धरायला लावली. तीन बोटं, अंगठा नाही, पूर्ण एक मिनिट. तिनं ७४ मोजले, स्मार्टवॉच ७५ म्हणालं.

पैसे देताना तिनं विचारलं, “पण हे वेळ बरोबर दाखवतं ना?”

म्हटलं, “वेळ फोनवर बघ.”